हानुसचा डुलणारा कॅमेरा

हानुसचा मणका सरकला तेव्हा डॉक्टरांनी त्याला सांगितलं, "चाल, मेंढ्या राख, बटाटे लाव, वल्ह्याला मात्र हात लावायचा नाही." अठरा वर्षं गावच्या सहा वल्ह्यांच्या होडीत बसलेला गडी. त्यानंतर दोन उन्हाळे तो किनाऱ्याकडे फिरकला नाही. शर्यतीच्या दिवशी मुद्दाम डोंगरावर मेंढ्या बघायला जायचा. मेंढ्या जशा काही बेट सोडून पळून चालल्या होत्या!

त्याची बायको सुन्वा मासळीच्या कारखान्यात कामाला. शेवटी कंटाळून तिनंच आपला जुना कॅमेरा त्याच्या हातात कोंबला. "घरात बसून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटण्यापेक्षा शर्यतीचं शूटिंग कर. गावची निम्मी पोरं ट्रॉलरवर मासेमारीला गेलीत, ती बघायला तडफडतात."

हानुसने धक्क्यावर उभं राहून पहिली शर्यत टिपली. होडीवाल्यांच्या क्लबात ती लावली आणि सगळे पोट धरधरून हसले. पडद्यावर अख्खा समुद्र पुढेमागे डुलत होता. वल्हं पाण्यात पडलं की हानुसचं अंग पुढे वाकायचं, ओढलं की मागे जायचं, आणि कॅमेराही त्याच्याबरोबर.

"मला बोटीत कधी उलटी झाली नाही, आज खुर्चीत होणार," त्रोन्दुर म्हणाला. तो होडीचा सुकाणूवाला. त्याच्या जिभेला हाड नाही. "पिऊन काढलंस का रे?"

हानुसचे कान लाल झाले. तो बंद करायला उठला, तेवढ्यात रेगिन म्हणाला, "थांब. परत लाव." रेगिनची जागा होडीत हानुसच्या बरोबर मागे असायची. बोलणं मोजकं, पण बोलला की सगळे ऐकतात.

परत लावलं. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात कॅमेरा आधी वाकत होता आणि वल्ही पाण्यात पडत होती जराशी मागून.

"ठेका त्याचा बरोबर आहे," रेगिन म्हणाला. "ढेपाळतोय आपण."

त्रोन्दुर हानुसकडे वळला. मग म्हणाला, "हानुस, कॅमेऱ्याला स्टँड आणलंस तर समुद्रात फेकीन. स्टँड नाही, तुला!"

तेव्हापासून प्रत्येक सरावानंतर सगळी टोळी हानुसच्या स्वयंपाकघरात जमू लागली. वाळवलेलं मटण, बटाटे आणि हानुसचं शूटिंग. गडी माणसात आला, असं सुन्वा कारखान्यात सांगायची. खोटं नव्हतं ते. पण होडी पाण्यात ढकलली की त्याचे तळहात शिवशिवायचे. त्याच्या फळीवर आता बार्दुर नावाचा नवा भिडू बसायचा. चांगला होता, आणि हानुसला त्याचा मनापासून हेवा वाटायचा.

जुलैअखेरच्या, राजधानी तोर्शहावनच्या शर्यतीत होडी दुसरी आली. नऊ वर्षांत पहिल्यांदा! दुसऱ्या दिवशी दुपारी रेगिन एकटाच शूटिंग बघायला आला. हानुसने या वेळी होडी शेवटच्या रेषेवरून पुढे जाताना एकेकाचा चेहरा बाजूने, जवळून टिपला होता.

"सगळ्यांचे डोळे पुढच्याच्या पाठीवर आहेत," हानुस म्हणाला. "तू खाली काय बघतोस?"

रेगिनने कॉफीचा कप खाली ठेवला. "अठरा वर्षं तुझी पाठ बघून ओढलं. बार्दुरची बघवत नाही. पोराचा काही दोष नाही."

हानुसने शूटिंग बंद केलं. मग म्हणाला, "मला परत होडीत यायचंय रे." दोन वर्षांत हे तो सुन्वाशीसुद्धा बोलला नव्हता.

"ठाऊक आहे. येता यायचं नाही, हेही ठाऊक आहे." रेगिन खिडकीबाहेर बघत राहिला. "तू उभा राहतोस शेवटच्या रेषेवर. आमची तिकडे पाठ. ओढताना आमचं तोंड असतं ते निघालो त्या बाजूला."

हानुसच्या लक्षात आलं. सगळे फोटोवाले शेवटच्या रेषेसाठी हमरीतुमरीवर येतात. सुरुवातीच्या रेषेवरून काय मिळणार? लांब जाणारी होडी, आणि कोण जिंकलं ते कळतही नाही.

"जिंकल्याचं शूटिंग सुन्वाला करू दे," तो म्हणाला. "मी सुरुवातीला उभा राहीन. पण तिथून तुला ठिपक्याएवढा दिसेन."

"तेवढा पुरे," रेगिन म्हणाला.