जिनिंगमधल्या तीन आगी

ती घटना आठवली की आजही माझं तोंड कडू होतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांची आता आठवणही येत नाही. ज्या केसमध्ये गुन्हाच घडला नव्हता, ती मात्र डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी आदिलाबादला सर्कल इन्स्पेक्टर होतो. शहराबाहेर मावला गावाच्या पुढे एक जिनिंग मिल होती. नाव सांगत नाही, कुणाचंच सांगणार नाही. कापसाचा हंगाम ऐन भरात आला आणि त्या मिलमध्ये लागोपाठ तीन आगी लागल्या. दोन वेळा माणसांनी धावपळ करून विझवल्या. तिसऱ्या वेळी रुईचा अख्खा ढीग गेला आणि एका हमालाचे हात भाजले. मालकाची ऊठबस मोठ्या लोकांत. वरून मला फोन आला, आरोपी लवकर पाहिजे. आरोपी आहे की नाही, हे विचारायची तसदी कुणी घेतली नाही.

खबर फाटकासमोरच्या चहावाल्याकडून आली. कापसातून सरकी काढणाऱ्या मशीनवर दिवसपाळीला एक माणूस होता. त्याच्याबद्दल चहावाला म्हणाला, "तो मनला, जळून जाऊ दे मनला एकदाचं. माह्या कानानं आयकलं साहेब." शिवाय तिन्ही आगी त्याच्याच पाळीत लागलेल्या. सीसीटीव्हीत कामाचं काही दिसत नव्हतं. एवढ्यावर आमच्या माणसांनी भरदुपारी त्याला चालू मशीनवरून उठवलं. सगळी मिल काम थांबवून बघत होती.

ठाण्यात आम्ही त्याला तेच तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. अंगाला हात लावला नाही, हेही सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्याच्या मनात आधी तेच येणार. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना जास्त सफाईनं सांगतो, असा माझा अनुभव आहे. हा प्रत्येक वेळी तितकाच अडखळत होता.

"मी काऊन आग लावीन साहेब? मशीन बंद पडली त मीच घरी बसतो ना."

"मग जळून जाऊ दे म्हणालास, ते कशासाठी?"

"पहिल्या आगीनंतर मालक मले सगळ्याइसमोर बोलला. रागाच्या भरात निंगालं तोंडातून." मग म्हणाला, "मले मशीनशिवाय दुसरं काई येत नाही. जिनिंगवाल्यात नाव खराब झालं त मी कुठं जाऊ?"

रात्री त्याला सोडलं, पण रोज ठाण्यात येऊन हजेरी द्यायची, असं बजावलं.

आमच्या ठाण्याची एस.आय., म्हणजे सब-इन्स्पेक्टर, ही निर्मल गावाकडची, घरची तेलुगू पण मराठी चांगली बोलणारी तरुण बाई होती. पोलिसात येण्याआधी ती हैदराबादला एका कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासायच्या खात्यात होती. ती म्हणाली, "सर, तिन्ही आगी याच्या पाळीत लागल्या म्हणून यानंच लावल्या, असं आपण धरून चाललोय. याच्या पाळीत आणखी काय काय असतं, ते मोजलं का?"

मोजलं नव्हतं. तिनं समजावून सांगितलं. कारखान्यात एखादा बिघाड पुन्हा पुन्हा व्हायला लागला की माणसावर बोट ठेवायचं नाही. आधी प्रश्न नेमका ठरवायचा, मग मोजमाप, मग मूळ कारण, मग दुरुस्ती, आणि दुरुस्ती टिकते का यावर नजर. बंदोबस्ताच्या फळ्यावर तिनं चौकटी आखल्या तेव्हा हवालदारांची करमणूक झाली. एक जण म्हणाला, "मॅडमनं शाळा काढली. आता आमाले पाढे मनाव लागतीन." मीही हसलो, पण तिला थांबवलं नाही. तो माणूस खोटं बोलतोय असं मला वाटत नव्हतं.

फळ्यावर कुणीतरी 'आग कोणी लावली?' असं लिहिलं होतं. ते पुसून तिनं लिहिलं, 'पहिली ठिणगी कुठे पडते?' मग ती मिलमध्ये जाऊन बसली. फक्त तीन मोठ्या आगी धरल्या नाहीत. हंगामात जेव्हा जेव्हा धूर दिसला, जळका वास आला, ते सगळे प्रसंग तिनं लोकांना विचारून एका तक्त्यात मांडले. कुठल्या पाळीत, कुठल्या जागी, कुठून आलेल्या कापसात. चित्र हळूहळू साफ झालं. ठिणगी ढिगात पडतच नव्हती, ती मशीनच्या तोंडाशी पडत होती. आणि गाडीतून उतरवून थेट मशीनमध्ये टाकलेल्या कापसातच पडत होती.

मागच्या हंगामापर्यंत सगळा कापूस आधी ओट्यावर पसरायचा आणि बाया त्यातला कचरा वेचायच्या. यंदा मालकानं बहुतेक बाया कमी केल्या. उरलेल्या चारदोन जणींनी साफ केलेला कापूस रात्रपाळीला जायचा, दिवसपाळीला गाडीतला कापूस तसाच. मशीनवाल्याचा गुन्हा एवढाच की तो दिवसा कामाला होता.

पण कापसात असं होतं काय? तक्त्यात सगळ्यात जास्त ठिणग्या महाराष्ट्राच्या सरहद्दीवरच्या गावांच्या कापसात होत्या. तिथून आलेल्या गाड्या तिनं पंचांसमोर ताडपत्रीवर रिकाम्या करायला लावल्या. कापसातून खिळे निघाले, विळ्याचा तुकडा निघाला, सगळे हळदकुंकू लावून चिंधीत बांधलेले. गाडीबरोबर आलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला तिनं विचारलं, तर तो उलट आमच्यावरच चकित झाला.

"पहिल्या वेचणीचा कापूस हाय ना बाई. वेचणीची सीतादहीची पूजा झाली की लोखंड ठेवतेत आमी त्याच्यात, नजर लागू नये मनून. मिलमधल्या बाया काढून ठेवत होत्या, वापस देत होत्या. यंदा कोणीच दिलं नाही."

लोखंड फिरत्या पात्यावर आपटायचं, ठिणगी उडायची, कोरडा कापूस पेट घ्यायचा आणि धुमसत पुढे रुईच्या ढिगापर्यंत जायचा. झाली आमची तहकीकात. 'तथ्याची चूक', म्हणजे गुन्हाच घडलेला नाही, असा शेरा मारून केस बंद केली.

मालक खूष झाला. बाया परत बोलावल्या, मशीनच्या तोंडाशी चुंबक बसवलं, एस.आय.च्या तक्त्याची प्रत फ्रेम करून ऑफिसात टांगली. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवायचा. कामावरून काढलेल्या मशीनवाल्याला परत कधी घेणार, असं मी विचारलं तर म्हणाला, "साब, आदमी अच्छा है, मैं कहाँ ना बोल रहा हूँ? लेकिन पुलिस उठाके ले गई थी. लेबर क्या बोलेगी?" मला त्याची चीड आली. चूक त्याची, आणि तो फ्रेमखाली बसून मला लेबरचं मन समजावत होता. पण कुणाला कामावर ठेवायचं, हे सांगणारं कलम माझ्याजवळ नव्हतं.

मशीनवाला ठाण्यात आला. म्हणाला, "साहेब, मी काई केलं नाही असा एक कागद द्या. भैंशाले दुसऱ्या मिलमंदी दाखवतो." ठाण्याची कागदपत्रं लिहिणाऱ्या रायटरनं सगळे नमुने धुंडाळले. मोबाइल हरवल्याचा दाखला निघतो, चारित्र्याचा निघतो. या माणसानं गुन्हा केला नाही, असा नमुना सरकारनं केलेलाच नाही. शेवटी एस.आय.नं साध्या कागदावर मजकूर लिहिला. मी सही करून शिक्का मारला. त्यानं तो घडी करून खिशात ठेवला आणि हात जोडले.

काही दिवसांनी तो परत आला. भैंशात त्याला कुणी ओळखत नव्हतं. तिथल्या दोन मिलमध्ये त्याचं काम बघून मॅनेजर खूष झाले होते. मग यानं विश्वासानं कागद पुढे केला.

"वाचलं की इचारतेत, आग कोनती? ठाण्यात काऊन नेलं होतं? त्याइले काई मालूम नव्हतं साहेब. कागदानंच सांगलं." तो चिडला नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं. "हे फाडून टाका तुमी. माह्या हातानं सरकारी कागद फाडाव वाटत नाही."

मी तो फाडला. त्याच्यासाठी उपयोगाचं असं तेवढंच एक काम माझ्या हातून झालं. पुढे तो भाजीबाजारात पोती उचलायला लागला, असं हवालदाराकडून कळलं.

त्या पद्धतीवर माझा विश्वास बसला, आणि पुढे कित्येक केसमध्ये मी ती वापरली. प्रश्न नेमका ठरला की निम्मी तहकीकात होते, हे खरं आहे. पण आम्ही ती माणूस उचलून आणल्यानंतर सुरू केली होती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी नुसत्या संशयावरून कुणालाही त्याच्या कामाच्या जागेवरून उठवू दिलं नाही. साध्या कपड्यातला माणूस घरी पाठवून बोलावून घेत असे. नव्या पोरांनाही मी तेच शिकवलं. त्या मशीनवाल्याला त्याचा काही उपयोग झाला नाही.