खिडकीच्या फटीतली गोधडी

"फीट आली ती ऑक्सिजनमुळे," डॉक्टर म्हणाले.

मुंबईच्या इस्पितळात माझी लेक सुमन हायपरबॅरिक चेंबरमध्ये होती, म्हणजे जास्त दाबानं ऑक्सिजन देणाऱ्या बंद पेटीत.

"याला ऑक्सिजन टॉक्सिसिटी म्हणतात. दाबाखालचा ऑक्सिजन मेंदूला कधी विषासारखा होतो. फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, वाढतात. त्यांना आवर घालणारी अँटिऑक्सिडंट एन्झाइम्स अपुरी पडतात."

ते पुढेही बोलत होते. मी ऐकलं नाही. मला हवं ते मिळालं होतं.

सुमन बाळंतपणाला पोलादपूरला माझ्याकडे आली होती. नववा दिवस, पौषातली थंडी. न्हाऊ घालून बाजेखाली कोळशाची शेगडी सरकवली. सुईणबाईंनी बजावलं, "वारा लागू देऊ नको गो, जन्माचं दुखनं हाय ते." मी दार लावलं, खिडकीच्या फटीत गोधडी कोंबली आणि नातवाला घेऊन ओट्यावर उन्हाला बसले. तासाभरानं हाक मारली. ओ आली नाही.

कार्बन मोनॉक्साइड. निखाऱ्यांतून सुटणारा हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. महाडच्या डॉक्टरांनी शेगडीचं विचारलं आणि रक्तातला तो वायू ऑक्सिजननं काढायला तडक मुंबईला धाडलं.

चेंबरमधली ती फीट थांबली. सुमन शुद्धीवर आली, बाळ मागितलं. आम्ही घरी आलो.

तीन आठवड्यांनी ती बोलता बोलता थांबू लागली. मग घरातल्या घरात वाट चुकू लागली.

मी गावभर सांगत सुटले, इस्पितळवाल्यांनी ऑक्सिजन जास्त सोडला, पोरीचं डोकं नासवलं. लोक हळहळायचे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं.

पुन्हा मुंबई. एमआरआय, म्हणजे मेंदूची चुंबकानं काढलेली चित्रं. ती पाहून डॉक्टर म्हणाले, "तेव्हाही सांगितलं होतं, बाई. त्या फिटीनं सहसा मागे काही राहत नाही. इजा बंद खोलीतच झाली. ती अशी उशिरा वर येते. आता फार सुधारणा होईल असं वाटत नाही."

जावई शेजारीच होते. खिडकी कोणी बंद केली, हे त्यांनी विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

बायांनो, बाळंतिणीला शेक द्या, पण शेगडी बंद खोलीत नको. वाऱ्याला भिऊ नका. मी भ्याले.

आता कुणी विचारलं तर ऑक्सिजनचं नाव घेत नाही. गोधडी मी कोंबली, एवढंच सांगते.

नातू चालू लागलाय. सुमनच्या मांडीवर बसवला की ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. "कुणाचा गो हा?"

"तुझा."

"चेष्टा नको करू, आई," म्हणते, आणि त्याला माझ्याकडे परत देते.