थुंकीची धार

गिऱ्हाइकं त्याला नाकमुरडे म्हणत. एका नव्या पोस्टमनला तर ते आडनावच वाटलं आणि त्यानं दारातून तशी हाक मारली. तेव्हाही यानं नाक मुरडलंच.

धंदा न्हाव्याचा आणि स्वभाव कशाचीही किळस येणाऱ्या माणसाचा, अशी त्याची गाठ पडली होती. लोकांच्या मानेवरचा घामट मळ, कोंडा, कानातून डोकावणारे केस, जांभई देताना तोंडावर येणारा वास, या सगळ्याची त्याला शिसारी यायची. पण बापानं त्याला आणि त्याच्या थोरल्या भावाला, दोघांनाही दुकानातच उभं केलं होतं. बाप गेल्यावर दुकान दोघांचं झालं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, आणि मधल्या फळीवर दोघांत मिळून एक पथरी.

पथरी म्हणजे वस्तऱ्याच्या धारेवर शेवटचा हात फिरवायचा दगड. तळहातात मावेल एवढा, राखी, गुळगुळीत. वस्तरा रोज चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला की काम भागतं. पण तो केस कापायच्या ऐवजी ओढायला लागला, की पथरी काढावी लागते. ती ओली करायची, वस्तरा तिच्यावर सपाट टेकवायचा आणि धार पुढे ठेवून अलगद सरकवायचा. जोर लावायचा नाही. थोडेच हात मारायचे, नाहीतर धार उलटते.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, पथरी ओली करायचा ती थुंकीनं. तोंडात तंबाखू, त्यामुळे थुंकी तपकिरी. ती दगडावर टाकायची, अंगठ्यानं पसरायची आणि अंगठा पँटीला पुसायचा. शेजारी पाण्याची वाटी असे. धाकटा तीच वाटी दादापुढे सरकवायचा, दादा ती परत मागे सरकवायचा. पाण्यानं धार बसत नाही, बापही असंच करायचा, असं दादाचं म्हणणं. बाप असंच करायचा हे खरंच होतं. लहानपणी बापाची ओली पथरी पुसायचं काम धाकट्याकडे असे, आणि जेवताना त्याला आपला हात तोंडाशी नेववत नसे.

शेवटी धाकट्यानं स्वतःची वेगळी पथरी आणली. बारीक पोताची, छान पिवळसर. साबणाच्या डबीत घालून ती तो खणात ठेवायचा. एके दुपारी जेवून आला, डबी उघडली, तर दगड ओला. वर तपकिरी बुडबुडे.

"तुझा दगड मऊ आहे रे," दादा गिऱ्हाइकाच्या गालावरून नजर न काढता म्हणाला. "मस्त लागतो."

धाकट्यानं स्टोव्ह पेटवला आणि पथरी सोडा घातलेल्या पाण्यात उकळायला टाकली. दगड दोन थर चिकटवून केलेला होता. थर सुटले, पातळ थराचे तुकडे झाले. त्यानं पाण्याला दोष दिला नाही, दादाला दिला. दादा हसला. माझ्या थुंकीची एवढी भीती, तर माझ्या शेजारी श्वास कसा घेतोस, असं त्यानं विचारलं.

"तोंड फिरवून घेतो," धाकटा म्हणाला.

हे बोलणं गिऱ्हाइकांसमोर झालं होतं. दादाचं हसू तिथंच थिजलं. त्याच आठवड्यात धाकट्यानं आपली खुर्ची उचलली आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत दुकान थाटलं. त्यानंतर दोघं रस्त्यात समोरासमोर आले, तरी एक जण पानांच्या टपरीकडे बघायचा आणि दुसरा आभाळाकडे.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका सकाळी वहिनी धाकट्याच्या दुकानात आली आणि गिऱ्हाइकांच्या बाकावर रांगेत बसली. तिचा नंबर आला तेव्हा म्हणाली, "दाढी करायची आहे."

"कोणाची?"

"तुमच्या भावाची."

दादाला झटका आला होता. उजवं अंग गेलं होतं, जीभही. वहिनीनं साध्या ब्लेडनं दाढी करून पाहिली, तर गालावर रक्त आलं. दुसरा न्हावी बोलावला, तर दादानं डाव्या हातानं त्याला ढकललं. भावोजी, एकदा येऊन बघा, एवढंच ती म्हणाली.

तो गेला. खोलीचं दार उघडताच लघवीचा, आंबलेल्या दुधाचा आणि न धुतलेल्या केसांचा वास अंगावर आला. दादाच्या दाढीत भाताची शितं वाळली होती. धाकट्याच्या खिशात स्वतःचा वस्तरा होता, पण तो या चेहऱ्याला लावायचा आणि उद्या परत गिऱ्हाइकाला, हे त्याला जमेना. त्यानं दादाचंच सामान मागितलं. पेटीतल्या वस्तऱ्यावर जुना फेस केसांसकट सुकला होता, टोकाला गंज. आणि बापाची पथरी अशी काळी तुळतुळीत झाली होती की दगड दिसतच नव्हता. बाप आणि भाऊ दोघंही त्यावर थर धरून बसले होते.

मोरीत बसून त्यानं ती ब्रशनं घासली. काळं, बुळबुळीत पाणी त्याच्या बोटांमधून वाहत राहिलं. तो दात आवळून घासत होता. राखी रंग दिसल्यावर त्यानं वस्तऱ्याचा गंज काढला आणि हलके हात मारायला घेतले. आधी खरखर झाली, मग नुसती सळसळ. आतून दादानं घोगरा आवाज काढला. पथरीची सळसळ त्यानं ओळखली होती.

मेलेला गाल लोंबत होता. तो ताणून धरायला ओठाच्या कोपऱ्यात बोट घालावं लागलं. लाळ बोटावरून मनगटापर्यंत ओघळली. त्यानं हात काढला नाही. दोन्ही गाल, हनुवटी, मान, सगळं नीट केलं, पुसलं, आणि मग मोरीकडे धावला. सकाळचा चहा बाहेर पडला.

वहिनी मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तो खाली मान घालून म्हणाला, की माझ्यासारखा भाऊ कोणाला मिळू नये, मला किळस आली.

"मग मला काय, वास येत नाही?" ती म्हणाली. "मलाही किळस येते, भावोजी. रोज येते. तोंड धुते आणि परत आत जाते."

त्यानं तिच्या हातातला तांब्या घेतला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, की हा रोग जगात त्याला एकट्यालाच आहे.

पुढं तो दर सोमवारी, दुकान बंद असायचं तेव्हा, जायला लागला. किळस काही गेली नाही. दाढी झाली की दोघं स्वयंपाकघरात बसत आणि त्या आठवड्यात सगळ्यात घाण काय झालं ते एकमेकांना सांगत. वहिनीजवळ चादरींचे किस्से होते, त्याच्याजवळ गिऱ्हाइकांच्या कानांचे. सांगता सांगता तिला हसू यायचं, त्याला ठसका लागायचा, चहा बशीत सांडायचा. मग आतून दादा डाव्या हातानं भिंत ठोकायचा, कारण त्यालाही ऐकायचं असायचं. ती दोघं कप घेऊन त्याच्या खाटेपाशी जाऊन बसत, आणि किस्सा पहिल्यापासून सुरू होई.