आण्णांच्या कोटातली कसर

आमच्या घरात ढेकूण मारायलाही बंदी होती, तिथं कसरीची काय कथा. आम्ही सांगलीचे जैन, आणि आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हळदीचा व्यापार. पिण्याचं पाणी गाळलं की फडक्यावर अडकलेले बारीक जीव आई ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडून यायची. डाळीत किडे झाले तर त्यांना मूठभर डाळीसकट घरामागं परड्यात सावलीला नेऊन ठेवायची. ज्याचं जिथं पोट, तिथं त्याला सोडायचं, असा तिचा कायदा होता. आण्णा बाजारात भल्याभल्यांना गप्प करायचे, पण या कायद्यापुढं त्यांचं काही चालत नसे.

लढाईची वर्षं होती. कापड कंट्रोलचं, आणि लोकरीचं कापड तर डोळ्यांनाही दिसत नव्हतं. अशात माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, लग्न साताऱ्याच्या एका घरात ठरलं. ते लोक आमच्यापेक्षा वरचढ. आण्णांना एकाच गोष्टीचा धीर होता, लढाईच्या आधी शिवून ठेवलेल्या काळ्या लोकरीच्या कोटाचा. तो घालून मांडवात उभं राहिलं की सातारकर आपल्याला हलक्यात घेणार नाहीत आणि पुढं अक्कालाही तिथं कुणी हिणवणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. लग्नाला दोनअडीच महिने असताना त्यांनी पेटी उघडली, कोट झटकला, आणि कॉलरमधून एक फिकट पाकोळी उडून त्यांच्या मिशीवर बसली.

कोटाला कसर लागली होती. अस्तराखाली पांढुरक्या अळ्या होत्या आणि बगलेत बारीक भोकं पडली होती. आण्णांनी कोट कडक उन्हात टाकायला सांगितला. टाकला तर आईनं तो लगेच उचलून आत आणला, कारण उन्हानं अळ्या होरपळल्या असत्या. मग ती मोरपीस घेऊन सोप्यात बसली आणि एकेक अळी हळूच सुपात उतरवू लागली. आता यांना सोडायचं कुठं? तिच्या कायद्यानं लोकरीतला जीव लोकरीतच जायला हवा. म्हशीच्या अंगावर घालायचं एक जुनं घोंगडं होतं, ते तिनं गोठ्यात खुंटीला टांगलं आणि कसरीला तिथं बिऱ्हाड करून दिलं. म्हैस त्या थंडीत उघडी राहिली. तिला पोतं मिळालं. आण्णा म्हणाले की पेटीत चोर सापडला असता तर हिनं त्यालाही दुसऱ्याची पेटी उघडून दिली असती.

घोंगड्यावर कसरीचा संसार फार चांगला चालला. यथावकाश अळ्यांच्या पाकोळ्या झाल्या, गोठ्यातून सोप्यात आल्या, सोप्यातून खोलीत, आणि जणू माहेरी यावं तशा पुन्हा आण्णांच्या कोटात शिरल्या. आईनं पुन्हा मोरपीस घेतलं. कडुनिंबाचा पाला घालून बघितला. पाला वाळून चुरा झाला आणि त्याच्याखाली कोटाला एक नवं भोक पडलं. तेही बरोबर छातीवर, खिशाच्या जरा वर, चवलीच्या नाण्याएवढं.

तेव्हा मात्र आण्णांचा धीर सुटला. त्यांनी कुणाला न सांगता कुठून तरी डांबराच्या गोळ्या मिळवल्या आणि कोटाच्या खिशात दडवल्या. डांबराच्या गोळ्या काय दडतात! सकाळपर्यंत घरभर वास. आण्णांनी सांगितलं की या वासानं कीड मरत नाही, नुसती उठून जाते. आईनं खिसा उलटा करून मेलेल्या अळ्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या आणि ती चुलीकडं निघून गेली. त्या दिवशी तिनं उपवास धरला. विचारलं तर म्हणाली, पाप तुमच्या हातून घडलं, पण तुम्हाला भूक सोसत नाही, म्हणून तुमच्या वाटचा उपवास मी करतेय. ती भांडली असती तर आण्णा जिंकले असते. आता त्यांना घास गिळवेना. अर्ध्या ताटावरून उठून ते गोळ्या टाकून आले, आणि मला त्या दिवशी दोघांचाही राग आला, कारण जेवायचं मन कुणाचंच राहिलं नाही.

बगलेतली भोकं आईनं काळ्या दोऱ्यानं बुजवली. छातीवरचं बुजेना. कापडच इतकं विरलं होतं की टाका धरत नव्हता. शेवटी लग्नाच्या दिवशी आण्णा डावा हात छातीवर ठेवून मांडवात उभे राहिले. सातारकरांना वाटलं, काय नम्र माणूस आहे. आमच्या मामांना वाटलं, छातीत कळ येतेय, म्हणून ते सारखी सुंठ आणून देत होते. आण्णा बिचारे ती खात होते. जेवणाच्या पंगतीतसुद्धा त्यांचा डावा हात जागचा हलला नाही.

अक्काची पाठवणी करायची वेळ आली. व्याही, म्हणजे अक्काचे सासरे, निरोप घ्यायला पुढं आले. मिठी मारायला त्यांनी आण्णांचा हात धरून बाजूला केला, आणि भोक त्यांच्या नाकासमोर आलं. आण्णांचा चेहरा पडला. मला वाटलं, झालं, आता अक्काला जन्मभर याचे टोमणे.

“कसर हाय की ही,” व्याही म्हणाले. “औषध न्हाई घातलं?”

“हिनं मारू दिली न्हाई,” आण्णा खाली बघत म्हणाले.

व्याह्यांनी आईकडं बघितलं. मग अक्काकडं.

“किड्यालाबी जिथं एवढं जपत्यात, तिथली पोर आमी घेऊन चाललोय,” ते आपल्या बायकोला म्हणाले. “आता आपल्यालाच लय जपून वागाय पायजे.”

आण्णांनी पुन्हा छातीकडं नेलेला हात मधेच सोडून दिला आणि सगळ्या मांडवादेखत ते रडायला लागले.