दुधीला लंगोट

बाळाला लंगोट बांधायला मी दुधीभोपळ्यावर शिकलो.

ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. आम्ही मुलुंडला चाळीत राहत होतो. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कणकवलीकडे गेलेली. मुलगा झाला, बारसं झालं, तरी सासूबाई तिला धाडायचं नाव काढीनात. "मुंबैत तिच्या मदतीक कोण आसा?" म्हणे. मी बाणेदारपणे कळवलं, "मी आहे!" उलट निरोप आला : त्या स्वतःच दोघांना घेऊन येताहेत, पण जावयाला बाळाचं काही करता येत नसेल, तर आल्या पावली दोघांना परत नेणार. आता आली का पंचाईत! खानावळीचं जेवून आणि रिकाम्या घराकडे बघून मी अगदी रडकुंडीला आलो होतो.

शेजारच्या सावंतकाकूंनी मला शिकवायला घेतलं. (बाळ त्यांच्याही घरी नव्हतं. दुधी होता.)

"अरे, कापड जुन्या धोतराचं घे, नवं काचतं. अशी त्रिकोणी घडी घाल. दोन बोटं जातील एवढं सैल ठेव. आणि पिन लावताना आपला हात आत, म्हणजे टोचली तर तुला!"

आठवड्याभरात दुधी इतका झकास दिसायला लागला, की त्याची भाजी करायला काकूंचा जीव होईना. दुधी लाथा मारत नाही, हे मात्र आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सासूबाई आल्या. चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "जावयबापू, लंगोट बांधून दाखवा बघू."

मुलाला चटईवर ठेवलं. सासूबाई त्याच्या पायांशी बसल्या. मी त्रिकोण घातला, चिरंजीवांनी तो लाथेने उडवला. पुन्हा घातला, तर त्यांनी माझ्या इस्त्रीच्या शर्टावर नेम धरून धार सोडली!

"अहो, पाय धरा ना!" बायको ओरडली.

"कुठला?"

"दोन्ही!"

"मग पिन कशाने लावू?"

सासूबाई नीट दिसावं म्हणून अगदी वाकल्या. मी हात आत घातला, कापड चांगलं वर ओढलं, डोळे मिटले आणि पिन लावली. कुणालाच टोचली नाही. बाळ चक्क हसलं!

"जमला हां," सासूबाई म्हणाल्या. मला इतका आनंद झाला, की मी त्यांच्या पाया पडणार होतो. पण त्या बातमी द्यायला उठून गॅलरीत निघाल्या, आणि त्यांच्याबरोबर लंगोटही निघाला. पिन मी त्यांच्या पदरालाही लावली होती! (लंगोट दोन बोटं नव्हे, अख्खा हात जाईल इतका सैल होता. बाळाला कळलंसुद्धा नाही.)

"गो सावंतीणबाय, जावयान लंगोट बरो बांधल्यान!"

"दिसतोय ना," काकू म्हणाल्या, "तुमच्या पदराला!"

सगळी गॅलरी हसली. "आई, त्यांना नेऊ नका हो," मी अक्षरशः हात जोडले.

सासूबाईंनी शांतपणे पिन काढली. "खंय नेतंय आता! मीच हय ऱ्हवतंय."

राहिल्या. पोरगा रांगला, चालला, लंगोटातून चड्डीत आला, तेव्हा कुठे त्या गावी निघाल्या. जाताना काकूंना दाराशी बाजूला घेऊन म्हणाल्या, "नातवाची काळजी नाय गो, जावयाकडे तेवढा लक्ष ठेव."