गुरुवारची चाळीस मिनिटं

लिफ्टदुरुस्तीत सव्वीस वर्षं काढलेल्या या गृहस्थांना सगळे 'वरखाली' म्हणत. हे नाव धंद्यावरून पडलं की स्वभावावरून, यावर सहकाऱ्यांत दोन तट होते. ते स्वतः मोठ्या मनाने म्हणायचे, "दोन्ही धरा. इतकी वर्षं वरखाली करतोय आणि आहे तिथेच आहे."

कान मात्र तिखट. तळमजल्यावर उभं राहून वर कुठल्या मजल्यावर चाक घासतंय ते सांगायचे. पण दोन कानांच्या मधलं जे काही होतं, त्याची चाळणी झालेली. लिफ्टचं दार बाहेरून उघडायची एक चावी असते. ती भलत्याच्या हाती पडली तर कोणी थेट खड्ड्यात जाऊ शकतं. ही चावी वरखाली दोनदा विसरले. एकदा तिसऱ्या मजल्याच्या दारातच, आणि एकदा एका भाडेकरूच्या चपलांच्या कपाटात. ती तिथे कशी गेली हे त्यांना आजही सांगता येत नाही.

हुद्द्याने वरिष्ठ पण त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेल्या मॅडमनी बजावलं, "तिसऱ्यांदा विसरलात तर तुमच्याकडच्या बावीस इमारती दुसऱ्याला देईन. तुम्ही गोदामात बसायचं."

गोदामाला खिडकी नव्हती. तिथे कसला आवाजही नव्हता. वरखालींनी घरी येऊन हे सांगितलं.

मेहुणी मोबाईलच्या दुकानात कामाला होती. तिने एका संध्याकाळी त्यांचा फोन ताब्यात घेतला. "भावजी, तुम्ही कुठे आहात हे याला कळतं. इमारतीतून बाहेर पडलात की हा चावीची आठवण करील."

"मी कुठे आहे हे मलाच धड कळत नाही, त्याला काय कळणार?"

"म्हणून तर त्याला सांगतेय," आतून बायको म्हणाली. "तुम्हाला सांगून सव्वीस वर्षांत काय उपयोग झाला?"

फोन कामाला लागला. वरखाली फाटकाबाहेर दहा पावलं टाकतात न टाकतात तोच खिशातून गोड आवाज यायचा, "आपण निघालात. चावी घेतलीत का?" पहिल्याच आठवड्यात चारदा घेतलेली नव्हती. ते मुकाट मागे फिरले.

"मी विचारलं की आठ्या पडतात," बायको म्हणाली, "आणि ती खिशातली विचारते तेव्हा जी-जी करता."

पण मेहुणीने जाता जाता आणखी एक बटण दाबून ठेवलं होतं: सवयी ओळखून आपणहून सुचवा. सुरुवातीला चैनच झाली. दवाखान्याच्या इमारतीत पाऊल ठेवलं की फोन त्यांच्याच जुन्या नोंदींतून हळूच सांगायचा, "मागच्या वेळी चौथ्या मजल्याचं दार अडकत होतं." मग वरखाली पहारेकऱ्यासमोर डोळे मिटून कान टवकारत आणि म्हणत, "चौथा मजला. दार." पहारेकरी तोंडात बोट घाली. इतका मान त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता, आणि मिळाला तो उसना.

एका गुरुवारी मॅडम न सांगता तपासणीला आल्या. दातांच्या डॉक्टरांची सातमजली इमारत. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये वरखाली त्यांना मोटर दाखवत होते, आणि पायाने हळूहळू जमिनीवर अंथरलेलं पुठ्ठ्याचं खोकं कपाटामागे सरकवत होते. तेवढ्यात खिसा बोलला.

"गुरुवारी या ठिकाणी आपण साधारण चाळीस मिनिटं हालचाल न करता थांबता. आवाज बंद करू? पावणेतीनला उठवू?"

मोटरसुद्धा थांबली. योगायोगाने, खाली कोणी बटण दाबत नव्हतं म्हणून.

"ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"फोन आहे, मॅडम. त्याचं काय... मोटरचा बारीक आवाज आडवं पडून चांगला ऐकू येतो."

"घोरतानाही?" मॅडमनी हात पुढे केला. "बघू."

नकाशावर त्यांचा सगळा महिना ठिपक्याठिपक्यांनी मांडलेला होता. कुठे, कधी, किती वेळ. मॅडम बोट फिरवत राहिल्या. वरखालींना डोळ्यांसमोर गोदाम दिसू लागलं. एकाएकी मॅडमचं बोट थांबलं.

"रविवारी? सुट्टीच्या दिवशी तुम्ही इमारतींवर जाता? चारही रविवार?"

खरं कारण साधं होतं. फोन फक्त चावीचं विचारायचा. एका रविवारी ते पाना आणायला गेले होते, एकदा टॉर्च, एकदा चष्मा. चौथ्या रविवारी काय विसरलो होतो, तेच विसरले होते. ओठांवर आलेलं हे सगळं त्यांनी गिळलं आणि मान खाली घातली. मान खाली घातली की माणूस विनयशील दिसतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या. "इमारती तुमच्याकडेच राहू देत. आणि दर रविवारी एका इमारतीची पूर्ण तपासणी करत जा. तुमची आवडच आहे ती."

असे सहा रविवार गेले. सातव्या शनिवारी बायको म्हणाली, "खोट्या शाबासकीपायी किती दिवस मरणार आहात? जा आणि सांगा."

"गोदामात टाकलं तर?"

"टाकू देत. रविवारी घरी तर असाल."

सोमवारी वरखाली मॅडमसमोर उभे राहिले आणि एका दमात बोलून गेले, "मॅडम, तेव्हा मी तपासणीला जात नव्हतो. विसरलेल्या वस्तू आणायला जात होतो."

मॅडमनी कागदावरून मान वर केली नाही. "माहीत आहे. प्रत्येक ठिकाणी पाच-पाच मिनिटं थांबला होतात. पाच मिनिटांत कसली तपासणी होते?"

"मग शाब्बास का म्हणालात?"

"कान तुमच्यासारखा इथे दुसऱ्या कोणाचा नाही, म्हणून गोदामात घालवायचा नव्हता. पण झोप फुकट तर सोडता येत नव्हती." त्यांनी कागद पुढे केला. "आणखी चार रविवार. मग सुटका."

दाराशी पोचलेले वरखाली परत वळले.

"आता काय?"

"दवाखान्याची लिफ्ट, मॅडम. आज येताना ऐकली. सहाव्याला चाक घासतंय. हे फोनने नाही सांगितलं."

"मग इथे काय करताय?" मॅडम म्हणाल्या. "जा!"