विमानाच्या वाटेतला खुंट

धाकूला कोणी कधी घाईत पाहिलं असेल तर त्याने मला येऊन सांगावं, चहा माझ्याकडून. राई गावचा हा कोळी खाडीच्या पाण्यासारखा ठरल्या वेळी हलायचा, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. आणि तोंडावरची रेघसुद्धा न हलवता माणसाची फिरकी घ्यायचा. पहिले सहा महिने तर मला तो अगदी गरीब गाय वाटायचा. मी मूर्ख होतो.

त्याची मिळकत म्हणजे एक होडी, एक जाळं आणि खाडीत रोवलेला एक खुंट. खुंट म्हणजे ताडाचं जाडजूड खोड, तळाच्या चिखलात पुरुषभर खोल गाडलेलं. ओहोटी लागली की जाळं त्याला बांधायचं, मग पाणीच आपल्या ओढीने मासळी जाळ्यात आणून घालतं. धाकूचा खुंट त्याच्या आज्याने रोवलेला. खोड कुजलं की नवं घालायचं, जागा तीच. त्या जागेचा कागद कोणाकडेच नव्हता. गावाचे दोन नियम होते, तेच कागद. हंगामभर खुंटाला जाळं लागलं नाही तर जागा गावाकडे परत. आणि दुसऱ्याच्या खुंटाला काही बांधायचं तर मालकाला नाव घेऊन विचारायचं. विचारलंस म्हणजे खुंट त्याचा, हे तू चारचौघांत कबूल केलंस. धाकूचा चुलतभाऊ नाथा एकदा वादळात न विचारता दुसऱ्याच्या खुंटाला होडी बांधून जीव वाचवून आला, तर गावाने आधी त्याच्याकडून दंडाचा नारळ ठेवून घेतला आणि मग त्याची विचारपूस केली.

एकोणीसशे एकोणसत्तर साली या खाडीत विमान उतरायला लागलं. खोटं वाटत असेल तर वाटू दे. चाकांच्या जागी दोन लांबट होड्या लावलेलं ते विमान मुंबईच्या बंदरातून पाच-सहा पर्यटक घेऊन उठायचं, वसईच्या किल्ल्यावर दोन घिरट्या घालायचं आणि राईसमोर पाण्यावर बसायचं. पाहुण्यांनी धक्क्यावर शहाळं प्यायचं, मिठागरांच्या पांढऱ्या ढिगांचे फोटो काढायचे आणि परत जायचं. मी मिठागरावरची मुकादमी सोडून तिथे तिकिटं फाडायला लागलो. कारण विचाराल तर कंपनी टोपी देत होती.

मॅनेजर होता कमळाकर. गिरगावचा, हुशार, राईच्या चिखलात पांढरे बूट घालून येणारा. वाईट नव्हता, पण त्याचं सगळं ज्ञान छापील होतं. विमान उतरतं त्या पट्ट्यात तीन खुंट होते. दोघांनी भरपाई घेऊन आपापले खुंट उपटून दिले. धाकूने ना भरपाई घेतली, ना भांडण केलं. कंपनीची एक नोकरी मात्र मागून घेतली, पाहुण्यांना विमानातून धक्क्यावर आणायची. रोज विमानाला होडी लावायचा आणि उरलेल्या वेळात त्यांच्याच नाकासमोर आपल्या खुंटाला जाळं बांधायचा. पायलट बिचारा खुंटाच्या अलीकडे विमान उतरवायला शिकला.

कमळाकरने मग सभ्य मार्ग काढला. बंदराचा कारभार पाहणाऱ्या साहेबाकडे अर्ज केला, की विमानाच्या वाटेत एक बेवारस लाकूड उभं आहे, ते काढायची परवानगी मिळावी. ‘बेवारस’ हा शब्द मीच टाइप केला. धाकूला ते सांगितलं तेव्हा मला मान वर करता येईना. साहेबाची सही झाली की खुंट जाणार, खुंट गेला की हंगाम जाणार, हंगाम गेला की आज्याची जागा जाणार, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तो म्हणाला, “शब्द टायपात सुबक आलाय का?” आणि जाळं शिवत बसला. मला त्याचा राग आला. माणसाने निदान शिवी तरी द्यावी.

साहेबांनी जागा बघायला स्वतः येतो म्हणून कळवलं. कमळाकर हरखून गेला. त्याने कोजागिरीचा दिवस धरला. संध्याकाळी पाचला विमान उतरेल, साहेब सूर्यास्त पाहतील, खुंटाची पाहणी करतील, मग धक्क्यावर चांदण्यात आटीव दूध. त्याच फेरीतल्या दोन जागाही त्याने पाहुण्यांना विकल्या.

धाकूने ते ऐकलं आणि सांगितलं, की पौर्णिमेला पाचला तिथं पाणी न्हाय, चिखल हाय. कमळाकर हसला. पौर्णिमेला उधाण असतं हे शाळेतलं पोरही सांगेल, उधाण म्हणजे सगळ्यात जास्त पाणी, असं त्यानेच धाकूला समजावलं. खाडीवर जन्मलेल्या माणसाला! आता आमच्याकडचा हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. पौर्णिमा पंधरावी, म्हणून भरती अकरा-साडेअकराची. म्हणजे ओहोटी पाच-साडेपाचची. आणि उधाणाचं पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खालीही उतरतं, हे छापील पुस्तकात बहुतेक पुढच्या पानावर असावं. मी धाकूला म्हटलं, अरे, पुन्हा एकदा सांग त्याला. तो म्हणाला, “एकदा सांगितलं. दोनदा सांगायला मी काय रेडिओ हाय?”

कोजागिरीला पाचला पाच मिनिटं कमी असताना विमान आलं. खाडीचं रूप बघून पायलटला काय वाटलं ते त्यालाच ठाऊक, पण मधल्या अरुंद धारेत त्याने ते बरोबर बसवलं. इंजिन बंद झालं, नांगर टाकला, आणि नांगर मऊ चिखलातून लोण्यातून सुरी जावी तसा सरकायला लागला. ओहोटीची ओढ विमानाला हळूहळू वाळूच्या दांड्याकडे नेऊ लागली. कोणी बुडणार नव्हतं, तिथे पाणी छातीएवढंसुद्धा नव्हतं. पण दांड्यावर घासून विमानाखालच्या त्या नाजूक होड्या फाटल्या असत्या आणि कंपनीचं एकुलतं एक विमान तिथेच संपलं असतं. पुन्हा उडावं तर समोर पाणीच उरलं नव्हतं.

कमळाकर साहेबांसाठी आणलेला हार टाकून धावला. पांढरे बूट घालूनच धाकूच्या होडीत चढला, मागोमाग मी. धाकूने होडी विमानाला नेऊन भिडवली. पायलटने दोर दिला, त्याचं टोक कमळाकरने धरलं. आता बांधायला अख्ख्या खाडीत घट्ट उभी अशी एकच गोष्ट होती आणि ती वीस हातांवर होती. धाकूने होडी खुंटाजवळ आणली, अगदी हात पोचेल इतकी, आणि वल्हं उचलून मांडीवर घेतलं.

कमळाकर खुंटाला दोर गुंडाळायला वाकला तशी धाकूने वल्ह्याची एक टिचकी दिली. होडी हातभर मागे आली.

“साहेब, दुसऱ्याच्या खुंटाला इचारल्याबिगर बांधत न्हाय आमच्यात.”

“अरे, विमान चाललंय!”

“चाललंय की. मी बघतोय.”

धक्क्यावर दुधासाठी जमलेलं निम्मं गाव माना उंचावून उभं होतं. विमानाच्या दारात साहेब उभे होते, दोन्ही हातांनी चौकट धरून, आणि एक शब्द न सोडता ऐकत होते. मला हसू आवरेना म्हणून मी होडीतलं पाणी उपसू लागलो. होडीत पाणी नव्हतं.

कमळाकरने खुंटाकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं. दोर त्याच्या हातातून सरसर जाऊ लागला होता. त्याला नियम ठाऊक होता, नाथाच्या नारळावर तोच सगळ्यात जास्त हसला होता. वर्षभर “ए धाकू” म्हणणारा तो माणूस शेवटी म्हणाला, “धाकूदादा, तुमच्या खुंटाला बांधू का?”

“जरा मोठ्यानं. वारा हाय.”

त्याने मोठ्याने विचारलं. धक्क्यापर्यंत गेलं. धाकूने वल्हं पाण्यात घातलं, स्वतः दोर घेतला आणि दोन वेढ्यांत विमान जागच्या जागी उभं केलं. मग विमानाच्या दारातून साहेबांनी शांतपणे विचारलं, की अर्जात तर हे लाकूड बेवारस आहे असं लिहिलंय, मग आत्ता परवानगी कोणाची घेतली? कमळाकर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखला होता. खोटं बोलायला माणसाला थोडी कोरडी जागा लागते. तो म्हणाला, “यांचाच आहे, साहेब. यांच्या आज्यापासून.”

पाहुण्यांना पाठीवर घेऊन चिखलातून धक्क्यावर आणावं लागलं. साहेबांना धाकूने आणलं. त्यांनी दूध दोनदा मागून घेतलं आणि अर्ज नामंजूर केला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला विमान उडालं, आणि ते हलताच धाकूने खुंटाला जाळं बांधलं.

त्यानंतर कंपनीचं वेळापत्रक धाकू करू लागला. पाटीवर मी खडूने लिहायचो, पंचमी पावणेचार, एकादशी सव्वाआठ. विमानाला पंचांग बघून यावं लागतं म्हणून मुंबईचे पाहुणे डोकं धरायचे. दोन वर्षं असं चाललं, मग गिऱ्हाईक आटलं. कंपनी बंद व्हायच्या आठवड्यात पायलटने धाकूला आग्रहाने विमानात बसवलं. कमळाकरही गेला, माझीही वर्णी लागली.

वर गेल्यावर धाकू काचेला नाक लावून बसला. मिठागरं दिसली, शेजारचं डोंगरी गाव दिसलं, किल्ला दिसला. तो कुठेच रमला नाही, राईसमोरचं पाणी तेवढं शोधत राहिला. पायलटने त्याच्यासाठी दोनदा वळसा घातला. खाली उतरल्यावर कमळाकरने विचारलं, काय काय दिसलं? धाकूच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मलाही गलबलून आलं. वाटलं, आता तरी हा काही सरळ बोलेल. तो कमळाकरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “सगळं दिसलं, साहेब. खुंट तेवढा न्हाय दिसला. मी उगाच तुमच्यावर रुसलो होतो. वरून बघणाऱ्याला तो दिसतच न्हाय.”